खोक्यात मॅन्युअल नाही, रिकव्हरी डिस्क नाही: नव्या लॅपटॉपसाठी पहिल्या दिवशी काय करून ठेवावं

प्रश्न असा आहे: नवा लॅपटॉप घेतला, खोकं उघडलं तर आत लॅपटॉप, चार्जर आणि घडी घातलेला एक कागद. जाडजूड मॅन्युअल नाही, विंडोजची डिस्क नाही. विकणाऱ्याने काही काढून तर घेतलं नाही ना? आणि उद्या विंडोज उडालं तर लॅपटॉप परत उभा कसा करायचा?

काढून घेतलेलं नाही. आता बहुतेक सगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप असेच येतात. डिस्क येत नाही म्हणून तिची गरज संपली असं मात्र समजू नका. ती तयार करायचं काम कंपनीने तुमच्यावर सोडलंय, आणि ते मशीन धडधाकट असतानाच उरकायचं असतं. लॅपटॉप बंद पडल्यावर पेनड्राइव्ह शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. सगळं मिळून एक संध्याकाळ जाते. लागतात ३२ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, बऱ्यापैकी इंटरनेट आणि एक वही.

आधी डिस्क का गेली ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पूर्वी लॅपटॉपच्या पोटाला एक स्टिकर असायचा, त्यावर २५ अक्षरांची विंडोजची की छापलेली असायची, आणि डिस्कवरून विंडोज टाकताना ती हाताने भरावी लागायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून कंपन्या ही की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डात कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून पाठवतात. विंडोज टाकताना सेटअप ती स्वतः वाचतो, तुम्हाला विचारतही नाही. २०१५ च्या विंडोज १० पासून तर त्या हार्डवेअरची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. म्हणजे तुम्ही पैसे मोजले ते लायसन्स बोर्डात आहे, डिस्क हे फक्त वाहन होतं. त्यात लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्हच गेला, आणि विंडोज ११ ची फाइल ५ जीबीच्या वर असल्यामुळे ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर ती मावतही नाही.

लॅपटॉप खरोखर नवा आणि विंडोज खरं आहे ना

नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की देश आणि कीबोर्ड निवडायचा पडदा आला पाहिजे. थेट डेस्कटॉप उघडला, किंवा आधीच एखादं युजरचं नाव दिसलं, तर कोणीतरी तो उघडून चालवलेला आहे. विकणाऱ्याने 'सेटअप करून दिला' असं सांगितलं तरी ही गोष्ट गंभीरपणे घ्या. कारण पुढे कीच्या भागात येईल.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन विंडोज डिजिटल लायसन्सवर ॲक्टिव्ह आहे का पाहा, आणि होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो ही आवृत्ती वहीत लिहा. बिलावर 'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' (म्हणजे विंडोजशिवाय विकलेला) असं लिहिलेलं असेल तर त्या बोर्डात विंडोजची की नसते. अशा मशीनवर विंडोज चालू दिसलं तर त्याचं वेगळं लायसन्स कुठे आहे ते विचारा आणि लेखी घ्या. खात्री करायची असेल तर लिनक्सच्या लाइव्ह (काही इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा आणि सिस, फर्मवेअर, एसीपीआय, टेबल्स या क्रमाने फोल्डर उघडत जा. आत 'एमएसडीएम' नावाची फाइल असेल तर बोर्डात की आहे.

सगळ्यात आधी बिटलॉकरची की

रिकव्हरी डिस्कपेक्षाही ही जास्त महत्त्वाची. हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की बिटलॉकर या विंडोजच्या सोयीतून डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, म्हणजे डिस्कवरचा सगळा मजकूर कुलपात जातो. रोजच्या वापरात याचा पत्ताही लागत नाही. मदरबोर्डवरची टीपीएम चिप प्रत्येक वेळी गुपचूप कुलूप उघडते. पण बायोस (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट झालं, त्यातली सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग बदलली, बोर्ड बदलला किंवा तुम्ही रिकव्हरी पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करायला गेलात, की टीपीएमला परिस्थिती ओळखीची वाटत नाही आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी की मागितली जाते. ती नसेल तर विंडोज नव्याने टाकता येतं, पण फोटो आणि कागदपत्रं गेली ती गेली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा मायक्रोसॉफ्टसुद्धा ती उघडून देऊ शकत नाही.

स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करा: मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी: (शब्दांच्या मध्ये एकेक जागा, 'मॅनेज-बीडीई'च्या आत जागा नाही). उत्तरात 'न्यूमेरिकल पासवर्ड' या शीर्षकाखाली एक लांब आयडी आणि त्याखाली ६ अंकांचे ८ गट दिसतात. हे ८ गट म्हणजेच की. आयडीची पहिली ८ अक्षरं आणि पूर्ण की वहीत उतरवून घ्या, मग एकदा बोट ठेवून ताडून पाहा. निळा पडदा आयडी दाखवतो, त्यामुळे घरात दोन-तीन लॅपटॉप असले तरी कोणती की कशाची ते कळतं. 'न्यूमेरिकल पासवर्ड' असं काही दिसलंच नाही तर एन्क्रिप्शन अजून लागू झालेलं नाही. खात्याने लॉगिन झाल्यावर पुन्हा तपासा.

हीच की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर, डिव्हाइसच्या पानावरही साठवलेली असते. मात्र ती जाते ज्याने पहिल्यांदा लॉगिन केलं त्याच्या खात्यात. दुकानातल्या मुलाने किंवा भाच्याने 'मी करून देतो' म्हणत स्वतःच्या खात्याने सुरुवात करून दिली असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्याकडे आहे. उघडलेला लॅपटॉप गंभीरपणे घ्या म्हटलं ते यासाठी. अशा वेळी आधी सगळं पुसून रीसेट करा आणि आपल्या खात्याने नव्याने सुरुवात करा.

की कागदावर हवी. लॅपटॉपच्याच डेस्कटॉपवर तिची फाइल ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवणं. बायोस आणि विंडोजचे अपडेट हे लिहून झाल्यावर करा, आधी नको, आणि ते करताना चार्जर लावलेला असू द्या.

मॉडेलचं खरं नाव

पडद्याखाली किंवा झाकणावर जे नाव असतं ते घराण्याचं. 'इन्स्पिरॉन १५' किंवा 'पॅव्हिलियन १५' या नावाखाली कित्येक वर्षं वेगवेगळी मशीन निघाली, आणि एकाचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्याला चालेलच असं नाही. कंपनीच्या साइटवर लागतो तो नेमका क्रमांक असा: डेलमध्ये ७ अक्षरांचा सर्व्हिस टॅग, एचपीमध्ये सीरियल नंबर आणि हॅशचं चिन्ह असलेला प्रॉडक्ट नंबर, लेनोवोमध्ये सीरियल नंबर आणि ४ अक्षरांचा मशीन टाइप. तळाच्या स्टिकरचा फोटो काढा, कारण हाताच्या घामाने आणि मांडीवर घासून दोन वर्षांत त्यातलं निम्मं पुसलं जातं. शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोटाळा होतो, म्हणून बायोसच्या पहिल्या पानाशी ताडून घ्या. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं तरी मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते.

याच क्रमांकाने कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. ती सुरू झाल्याची तारीख बिलाच्या आधीची असेल तर बिलाची प्रत लावून ताबडतोब दुरुस्त करून घ्या. हे पहिल्या आठवड्यात सोपं जातं, वर्षाने बिघाड झाल्यावर नाही.

पहिला पेनड्राइव्ह: कंपनीची रिकव्हरी

लॅपटॉपच्या एसएसडीवर (आतल्या डिस्कवर) एक छुपा रिकव्हरी विभाग असतो, त्याच्या भरवशावर बरेच जण निवांत राहतात. पण तो त्याच एसएसडीवर आहे. एसएसडी मेली की तोही मेला. शिवाय लिनक्स टाकताना, जागा वाढवताना किंवा मोठी एसएसडी बसवताना तो सर्रास पुसला जातो, आणि मग सुरुवातीला दाबायचं रिकव्हरीचं बटण दाबलं तरी काहीच होत नाही.

म्हणून कंपनीची इमेज (विंडोज आणि ड्रायव्हरची तयार प्रत) बाहेर काढून ठेवा. डेलचं 'ओएस रिकव्हरी टूल' आहे, त्याला किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. एचपीचं 'क्लाउड रिकव्हरी टूल' ३२ जीबी मागतं. लेनोवोच्या साइटवर सीरियल नंबर नोंदवला की 'यूएसबी रिकव्हरी क्रिएटर'मधून इमेज उतरवता येते. एसरमध्ये हे काम 'केअर सेंटर'मधून होतं. एससच्या नव्या लॅपटॉपमध्ये क्लाउड रिकव्हरीची सोय बायोसकडूनच असते. डेल, एचपी आणि लेनोवोची टूल दुसऱ्या कोणत्याही विंडोज मशीनवर चालतात, त्यामुळे वेळ निघून गेली असली तरी मित्राच्या लॅपटॉपवर सीरियल नंबर टाकून काम होऊ शकतं. पण कंपन्या जुन्या मॉडेलच्या इमेज कायम ठेवतीलच असं नाही. आज मिळतेय तर आजच घ्या.

ही इमेज मायक्रोसॉफ्टच्या साध्या विंडोजपेक्षा वेगळी कशात? पंख्याच्या वेगाचे प्रोफाइल, कीबोर्डच्या वरच्या ओळीतली विशेष बटणं, बोटाच्या ठशाचा सेन्सर, स्पीकरचा आवाज नीट लावणारं सॉफ्टवेअर, चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय, हे सगळं तिच्यात बसवलेलं येतं. साधं विंडोज टाकल्यावर 'आवाज पूर्वीसारखा येत नाही' ही तक्रार हमखास येते, आणि स्पीकर मात्र शाबूत असतात.

कंपनीचं टूल नसेल तर विंडोजचं स्वतःचं वापरा. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा. पहिल्याच खिडकीत 'बॅक अप सिस्टिम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह' या चौकोनात खूण आहे ना ते बघा. ती नसेल तर ड्राइव्ह पाच मिनिटांत तयार होतो, पण त्यात फक्त दुरुस्तीची साधनं असतात, विंडोज नसतं. खूण असेल तर तासभर किंवा त्याहून जास्त लागतो, आणि मध्ये टक्केवारी बराच वेळ एकाच जागी अडकलेली दिसते. तेवढ्यावरून रद्द करू नका. पेनड्राइव्हवर आधी जे काही असेल ते पुसलं जातं.

'रिकव्हरी ड्राइव्ह तयार करता आला नाही' असं आलं तर दोनच कारणं वारंवार सापडतात. एक, पेनड्राइव्ह खोटा आहे: वर ३२ जीबी छापलेलं असतं आणि आत ८. 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं मोफत टूल पूर्ण ड्राइव्हवर लिहून-वाचून खरी जागा सांगतं. दोन, विंडोजचं रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटच (दुरुस्तीचा मेनू दाखवणारा भाग) बंद आहे. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजी अक्षरांत रीएजंटसी /इन्फो लिहा ('रीएजंटसी' म्हणजे आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी). स्टेटस 'डिसेबल्ड' दिसला तर रीएजंटसी /एनेबल देऊन पुन्हा प्रयत्न करा.

या ड्राइव्हमध्ये तुमच्या फाइल आणि तुम्ही टाकलेले प्रोग्राम येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावाच लागतो. हा ड्राइव्ह वर्षातून एकदा नव्याने बनवा, म्हणजे अपडेटही त्यात येतात.

दुसरा पेनड्राइव्ह: कोरं विंडोज आणि ड्रायव्हर

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या, ते ८ जीबीच्या ड्राइव्हवरही विंडोज ११ चा इन्स्टॉलर बनवून देतं. आयएसओ फाइल (अख्खा इन्स्टॉलर एकाच फाइलमध्ये) उतरवून ती हाताने कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. आयएसओमधली 'इन्स्टॉल डॉट विम' ही फाइल ४ जीबीच्या वर असते आणि फॅट३२ या पेनड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये तेवढी एक फाइल बसतच नाही. ड्राइव्ह एनटीएफएस केला तर पुष्कळ बायोस त्याच्यावरून बूट करत नाहीत. आयएसओच हवी असेल तर 'रुफस' वापरा, तो दोन्ही अडचणी सांभाळतो.

आता ड्रायव्हर. नवशिके इथेच अडकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते. विंडोजच्या कोऱ्या इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हर असेलच असं नाही. मग 'विंडोज कुठे टाकायचं' या पडद्यावर यादी कोरी येते, आणि माणूस एसएसडी जळाली असं समजून नवी विकत घ्यायला निघतो. एसएसडी ठणठणीत असते, फक्त दिसत नाही. तिथे 'लोड ड्रायव्हर' दाबून तो द्यायचा असतो. कंपनीच्या साइटवर तो 'इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी' या नावाने मिळतो, पण मिळतो बहुधा ईएक्सई फाइलमध्ये, आणि ती इन्स्टॉलरला वाचता येत नाही. त्याला सुटी आयएनएफ आणि एसवायएस फाइल लागते.

यावरचा सोपा उपाय म्हणजे चालू मशीनमधलेच सगळे ड्रायव्हर बाहेर काढून ठेवणं. दुसऱ्या पेनड्राइव्हवर 'ड्रायव्हर्स' नावाचं फोल्डर करा (नाव इंग्रजी अक्षरांत). ड्राइव्हला ई अक्षर मिळालं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये अशी ओळ द्या: डिझम /ऑनलाइन /एक्सपोर्ट-ड्रायव्हर /डेस्टिनेशन:ई:\ड्रायव्हर्स. 'डिझम' म्हणजे डी-आय-एस-एम ही चार अक्षरं. काही मिनिटांत प्रत्येक ड्रायव्हरचं सुटं फोल्डर तयार होतं. त्यात 'आयएस्टॉर' (आय-ए-एस-टी-ओ-आर) या अक्षरांनी सुरू होणारं फोल्डर दिसलं तर तुमच्या मशीनमध्ये हा प्रकार आहे, आणि 'लोड ड्रायव्हर'मध्ये नेमकं तेच फोल्डर दाखवायचं.

याच फोल्डरात वाय-फायचा ड्रायव्हरही येतो, आणि त्याचीही गरज पडते. विंडोज ११ टाकून झाल्यावर सेटअप इंटरनेट मागतो आणि वाय-फायचं कार्ड ओळखलेलं नसेल तर पुढे जात नाही. अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की बहुतेकदा नेट मिळतं. एकदा डेस्कटॉपवर पोचलात की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह असलेल्या प्रत्येक ओळीवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, मग पेनड्राइव्हवरचं 'ड्रायव्हर्स' फोल्डर दाखवायचं. उपफोल्डर शोधण्याची खूण चालू ठेवा.

बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा असा सल्ला तुम्हाला मिळेल. विंडोज आधीच टाकलेलं असताना ते केलंत तर पुढच्या वेळी 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा येतो. घाबरायचं नाही, व्हीएमडी परत चालू केलं की विंडोज पूर्ववत येतं.

बनवलेला पेनड्राइव्ह चालतो का

न तपासलेला पेनड्राइव्ह जमेस धरू नका. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, 'यूज अ डिव्हाइस'मध्ये यूएसबी निवडा. मेनू दिसला की तपासणी झाली, तिथूनच बाहेर पडा. आत काही निवडू नका. विंडोज चालूच होत नसेल तेव्हा सुरुवातीला बटण दाबावं लागतं: डेल, लेनोवो आणि एसरमध्ये एफ१२, एचपीमध्ये एस्केप दाबून मग एफ९, एससमध्ये एस्केप. लेनोवोच्या काही मॉडेलना कडेला टाचणीने दाबायचं छोटं नोवो बटण असतं. एसरमध्ये एफ१२ चा मेनू बायोसमधून आधी चालू करावा लागू शकतो. काही कीबोर्डवर एफएन धरूनच ही बटणं चालतात. आपल्या मशीनवर जे चाललं ते पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

मॅन्युअल

मॅन्युअल दोन प्रकारची असतात, आणि बहुतेकांना एकच माहीत असतं. युजर गाइडमध्ये कोणत्या यूएसबी-सी पोर्टवरून चार्जिंग होतं, कोणत्यावरून मॉनिटर चालतो, दिवा किती वेळा पिवळा आणि किती वेळा पांढरा लुकलुकला तर कोणता बिघाड, हे असतं. दुसरं सर्व्हिस मॅन्युअल. डेल, एचपी आणि लेनोवो ते साइटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवतात. एचपीत त्याचं नाव 'मेन्टेनन्स अँड सर्व्हिस गाइड', थिंकपॅडमध्ये 'हार्डवेअर मेन्टेनन्स मॅन्युअल'. दोन्ही पीडीएफ मोबाइलवर उतरवून ठेवा, लॅपटॉपवर नको.

रॅम वाढवायची किंवा एसएसडी बदलायची झाली तर सर्व्हिस मॅन्युअलशिवाय झाकण उघडू नये. रॅमला सुटा स्लॉट आहे की ती बोर्डावर जोडलेली आहे, एसएसडी २२८० लांबीची बसते की २२४२ ची, हे त्यातच स्पष्ट असतं. तळाचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात आवळला तर तो कीबोर्डच्या बाजूचं प्लास्टिक फोडून वर येतो. म्हणून कागदावर तळाचं चित्र काढा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी कागदाला चिकटवा. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, मग बाकी सगळं. थिंकपॅडमध्ये त्याआधी बायोसमधूनच अंगची बॅटरी बंद करायची सोय आहे, ती वापरावी.

उडालंच तर कोणत्या क्रमाने जायचं

विंडोज चालू होता होता पॉवर बटण १० सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा मेनू आपोआप येतो. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचा अपडेट काढून टाकणं, मग सिस्टिम रीस्टोर. रीस्टोर बऱ्याच नव्या लॅपटॉपवर बंदच असतो. तो आजच 'क्रिएट अ रीस्टोर पॉइंट' शोधून चालू करा.

पुढची पायरी चढण्याआधी फाइल वाचवा. मेनूतल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड असं टाइप केलं की साधं नोटपॅड उघडतं. त्याच्या फाइल, ओपन या खिडकीत खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता ती खिडकीच तुमचं एक्सप्लोरर: फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाऊन पेस्ट. किती कॉपी झालं ते दिसत नाही, खिडकी थिजल्यासारखी वाटते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीची सी तिथे डी म्हणून दिसली तर गोंधळू नका, 'युजर्स' फोल्डर कुठे आहे ते पाहा. वहीतली बिटलॉकर की लागेल ती इथेच.

मग 'रीसेट धिस पीसी'. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर कागदपत्रं राहतात, प्रोग्राम जातात. 'लोकल रीइन्स्टॉल' आधीच्याच फाइल वापरतो, आणि त्याच बिघडलेल्या असतील तर अर्ध्यात 'काही बदललं नाही' म्हणून माघारी येतो. अशा वेळी 'क्लाउड डाउनलोड' घ्या. ते साधारण ४ जीबी उतरवतं आणि चार्जर लावलेला लागतो. तेही अडलं तर कंपनीचा पेनड्राइव्ह, आणि सगळ्यात शेवटी कोरं विंडोज. कोरं टाकताना की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा आणि वहीत लिहिलेलीच आवृत्ती घ्या. प्रो मागाहून विकत घेतलेलं असेल तर बोर्डातली की होमची असल्यामुळे सेटअप होमच टाकतो. प्रो नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावरून चढवायचं. डिस्कच्या यादीतले सगळे विभाग पुसण्याआधी आकार पाहा, कारण दोन एसएसडी असलेल्या मशीनमध्ये दुसरीवर तुमचा डेटा असू शकतो.

सोबत आलेलं ऑफिस ज्या खात्याने पहिल्यांदा ॲक्टिव्ह केलं त्या खात्याला बांधलेलं असतं. ते ठराविक मुदतीत ॲक्टिव्ह करावं लागतं, तेव्हा लांबणीवर टाकू नका.

मॅकमध्ये यातलं बरंचसं लागत नाही. ॲपलने २०११ मध्ये ओएस एक्स लायनपासून डिस्क बंद केली आणि रिकव्हरी इंटरनेटवर नेली. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर पॉवर बटण दाबून धरलं की, आणि इंटेलच्या मॅकवर कमांड आणि आर धरलं की ती येते. क्रोमबुकसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि क्रोममधलं 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' पुरतं.

रॅम किंवा एसएसडी बदलल्याने विंडोजच्या लायसन्सला धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला तर लागतो. वॉरंटीत बोर्ड बदलून आला की मशीन ताब्यात घेण्याआधी तिथेच चालू करून तीन गोष्टी पाहा: बायोसमध्ये तुमचाच सीरियल नंबर लिहिलाय का, ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज ॲक्टिव्ह आहे का, आणि बिटलॉकरची जुनी की एकदा भरल्यावर लॅपटॉप न विचारता चालू होतो का. सीरियल नंबर कोरा असेल तर कंपनीची रिकव्हरी टूल आणि वॉरंटीची नोंद दोन्ही तुमचं मशीन ओळखणार नाहीत. तो लिहून देण्याचं साधन सर्व्हिस सेंटरकडे असतं, आणि ते काम तिथल्या तिथे होतं.